हा ल आपला नाही

भाचीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना मावशीच्या हातात दिला, तेव्हा तिनं तो आधी हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला, मग चष्मा काढून पदरानं पुसला. मला वाटलं, तारीख चुकली असणार. नाहीतर व्याह्यांकडच्या कुणाच्या नावामागचं 'कै.' राहिलं असणार. पत्रिकेत माणसं याच दोन चुका करतात आणि दोन्ही पुढं आयुष्यभर ऐकाव्या लागतात. मावशीनं पत्रिका टेबलावर ठेवली, वधूच्या नावावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "छान झालीय गं. पण हा ल आपला नाही."

मी डिझायनर. अक्षरं बघायचे पैसे घेते. त्या पत्रिकेतल्या दोन नावांसाठी चार रात्री फॉन्ट धुंडाळत बसले होते आणि शेवटी एक सापडला होता, काठापदराचा म्हणावा असा. उभे दांडे भरदार, आडव्या रेघा केसासारख्या बारीक, क आणि व तर नुसते बघत राहावेत. त्या क आणि व च्या नादात ल कडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

मावशीचं जाणारच होतं. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत ती जवळजवळ तीस वर्षं पहिलीला शिकवायची. म्हणजे तीस वर्षं दर जूनमध्ये पाटीवर ल काढून द्यायचा, दोन पाकळ्यांचा, आणि मुलांचा हात धरून तो गिरवून घ्यायचा. माझ्या फॉन्टातला ल हिंदी वळणाचा होता. उजवीकडे सरळ दांडा आणि त्याला टेकलेला वळसा.

"चालतो गं हल्ली," मी म्हटलं.

"चालतो, पण लंगडत चालतो," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

यातली तांत्रिक भानगड मी तिला सांगितली नाही, इथं सांगते. संगणकाच्या लेखी ल एकच आहे. युनिकोडच्या तक्त्यात त्याचा क्रमांक ०९३२, मग तो आपल्या लाडवातला असो की हिंदीच्या लड्डूतला. त्याचं रूप कुठलं दाखवायचं हे फॉन्टच्या पोटात ठरतं. मन लावून केलेल्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की फॉन्ट आपणहून पाकळ्यांचा ल आणि देठाचा श पुढं करतो. भाषा नोंदवायची राहिली तर पुढं येतं ते बहुधा हिंदी वळण. मी परत जाऊन भाषा नोंदवली. काही हललं नाही. त्या फॉन्टाच्या पोटात दुसरा ल नव्हताच.

महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी देवनागरीचं वळण ठरवून दिलं, त्यात 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असे शब्द आहेत. मला ते फार आवडतात. सरकारी कागदात पाकळी आणि देठ एरवी कुठं सापडणार, शेतकी खातं सोडून? आता आम्ही राहतो गुजरातेत, तो निर्णय काही आम्हाला लागू नाही. पण मावशीला आहे.

शेवटी तो ल मी हातानं काढला. त्याच फॉन्टातल्या ळ चे वळसे उसने घेतले, जाडी जुळवली, अडीच तास गेले. चारशे पत्रिका छापल्या, वाटल्या. ल बद्दल एकानंही काही म्हटलं नाही, म्हणजे तो जमला असणार.

सजावटी फॉन्ट निवडायचे म्हणजे काय, असं कुणी नवखं पोर विचारतं तेव्हा मला या अडीच तासांची आठवण येते. फॉन्ट विकणाऱ्यांच्या नमुन्यांत नेहमी सोपे शब्द असतात. कमल, नमन, भारत. या शब्दांत कुठलाही फॉन्ट देखणाच दिसतो. हसऱ्या मुलीचा फोटो काढण्यात फोटोग्राफरचं काय कौशल्य? मी नमुना बघणं केव्हाच सोडलं. नवा फॉन्ट हाती आला की एका रिकाम्या पानावर माझे ठरलेले शब्द टाकते. कुऱ्हाड. वाङ्मय. ज्येष्ठ. शिल्लक. ॲल्युमिनियम. कुऱ्हाडीत आपला तो चंद्रकोरीसारखा र येतो, हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे पुष्कळ नखरेल फॉन्ट तिथंच पाय मोडून घेतात. र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. वाङ्मय हा शब्द तुम्हाला जड वाटेल, पण इथं 'मराठी वाङ्मय परिषद, बडोदे' ही जुनी संस्था आहे आणि २०१८ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं, तेव्हा हा शब्द आमच्याकडं फ्लेक्सवरसुद्धा चढतो. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच २००८ मध्ये. त्यामुळे ॲडव्होकेट आणि ॲक्युपंक्चरवाल्यांच्या पाट्यांवर अजून कधीकधी 'अॅ' असा मोडका जोड दिसतो, नाहीतर अक्षराच्या जागी नुसता चौकोन.

पाच शब्द पुरे होतात. फॉन्टची किंमत त्याच्या सगळ्यात वाईट अक्षराइतकीच धरायची. आणि ते वाईट अक्षर हमखास गिऱ्हाइकाच्या आडनावात असतं.

खरं तर देवनागरीत सजावटी फॉन्ट ही चीजच ताजी आहे. इंग्रजीत मोठ्या, नटव्या अक्षरांची गरज भिंतींनी निर्माण केली. १८०० च्या आगेमागे लंडनच्या भिंतींवर लॉटरीची आणि नाटकांची पत्रकं लागायला लागली. पुस्तकाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, तिथं मुंग्यांसारखे दिसायचे, तेव्हा रॉबर्ट थॉर्नसारख्यांनी अक्षरांचे दांडे फुगवून ठेवले. मोठा खिळा शिशाचा ओतला तर जड होतो, शिवाय निवताना त्याचा माथा खचतो. म्हणून १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकडाची अक्षरं कापायचं यंत्र काढलं आणि मग जाहिरातवाल्यांना धरबंधच उरला नाही. इंग्रजीचं काम सव्वीस मोठ्या अक्षरांत भागत होतं. आपल्याकडं बाराखडी, जोडाक्षरं, वरखालच्या मात्रा मिळून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. एका नाटकाच्या जाहिरातीसाठी एवढा नक्षीदार संच कोण ओतणार?

म्हणून आपल्याकडं ते काम हातानं केलं. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची नावं आयुष्यभर काढली, प्रत्येक नाटकाचं अक्षर वेगळं. वर्तमानपत्राच्या बोटभर जाहिरातीत ते नाव असं बसायचं की नाटक हसवणारं आहे की रडवणारं, हे वाचायच्या आधीच कळावं. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामातून फॉन्ट होत नाही, कारण एका नाटकाच्या नावात येतात ती पाच-सहा अक्षरं. उरलेली त्यांनी काढलेलीच नसतात. ज्या शब्दासाठी अक्षर काढलं, त्या शब्दापुरतं ते जन्मलं. फॉन्टचं नेमकं उलट. त्याला कुठल्या शब्दाशी संसार करायचा आहे हे त्याला ठाऊक नसतं, तरी सगळ्यांशी नांदायची तयारी ठेवावी लागते.

मग २०१४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचा एकदम पूर आला, बहुतेक फुकट. तोवर प्रेसमध्ये श्रीलिपी नाहीतर कृतीदेव, आणि घरच्या संगणकावर र. कृ. जोशींनी केलेला मंगल, एवढीच आमची मिळकत. त्या पुरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपले अक्षरकार भुकेले असावेत. 'एक टाइप' नावाच्या अक्षरकारांच्या गटानं केला तो मोदक. गुजराती रस्त्यांवरच्या रंगवलेल्या पाट्या बघून जॉनी पिनहॉर्ननं केला तो श्रीखंड. पूजा सक्सेनांचा एक आहे, त्याचं नाव फरसाण.

यातल्या श्रीखंडाचं मला अजून वाईट वाटतं. नाव वाचून मी तो उड्या मारत उतरवून घेतला. गुबगुबीत, तिरका, ऐटबाज. 'श्रीखंड' असं टाइप केलं तर पडद्यावर आला संगणकाचा आपला नेहमीचा मंगल. कारण या फॉन्टात गुजराती आहे, इंग्रजी आहे, देवनागरी नाही. पाडव्याला बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात जे असतं, त्याच्या नावाच्या फॉन्टात ते नाव मराठीत लिहिता येत नाही! बरं, तक्रार तरी कुणाकडं करणार? तो गुजराती अक्षरांसाठीच केलेला आहे, आणि इतका सुरेख की गुजराती कामात मी तो पुढं चारदा वापरला.

मोदकाची गोष्ट मात्र माझ्या चुकीची. गणपतीच्या दिवसांत घरगुती उकडीचे मोदक करणाऱ्या दोघी बहिणींनी खोक्यासाठी डिझाइन मागितलं. मोदक फॉन्ट म्हणजे देवनागरीला इतकं खाऊ घातलंय की अक्षराच्या पोटातली पोकळी नाहीशीच झाली, तिथं फक्त एक बारीक पांढरी रेघ उरली. बघताक्षणी हसू येतं. झाकणावर मोठ्या अक्षरात नाव टाकलं, तिथं तो शोभलाही. तिथंच थांबायला हवं होतं. मी त्याच फॉन्टात बाजूच्या पट्टीवर 'उकडीचे, २१ नग, त्याच दिवशी संपवावेत' हेही टाकलं, बारा पॉइंटात. खोकी स्क्रीन प्रिंटिंगनं छापायची होती. शाई जरा पसरतेच, आणि त्या बारीक पांढऱ्या रेघा सगळ्याच्या सगळ्या बुजल्या. बाजूच्या पट्टीवर ओळीनं काळी भजी तळून ठेवल्यासारखं दिसत होतं. तीनशे खोकी. थोरली बहीण इतकंच म्हणाली, "असू दे ताई, लोक आतलं खातात." मी ते पैसे घेतले नाहीत.

दर्शनी अक्षर दर्शनीच राहू द्यावं. दिवाणखान्यातलं झुंबर मोरीत टांगून उपयोग नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, आणि तरी ती तीनशे खोकी झालीच.

आता शेव उसळीच्या पाटीबद्दल. ते काम माझं सगळ्यात आवडतं आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं, पण बडोद्याचं रस्त्यावरचं खाणं म्हणजे शेव उसळ. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, झणझणीत तरी, सोबत पाव. मूळ आपलंच, पण आता गुजराती माणूस ते स्वतःचं समजून खातो आणि आम्हीही हक्क सांगत नाही. रावपुऱ्याकडं एकांचा जुना ठेला होता, त्यांनी पक्कं दुकान घेतलं आणि पाटीसाठी माझ्याकडं आले. त्यांचे पूर्वज गायकवाडांच्या पागेत होते, असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. इथं सगळ्यांचेच पूर्वज पागेत होते. घोडे किती होते देव जाणे. "ताई, अक्षर भारी पाहिजे," भाऊ म्हणाले. "लांबून वाचता आलं पाहिजे, ने? आणि दोन्ही भाषेत. आधी गुजराती, मग आपली."

दोन्ही भाषा म्हणताना सोपं वाटतं. मराठीत शेव, गुजरातीत सेव. म्हणजे एकाच पदार्थाचं पहिलंच अक्षर वेगळं. शेवटचं मात्र एक: ळ. हिंदीच्या दारात हा ळ थांबतो, पण गुजरातीत तो मजेत राहतो, आमच्यासारखाच. दोन ओळी एकाखाली एक मांडल्या तर त्यांचं शेवटी ळ वर एकमत होतं, हे मी भाऊंना दाखवलं. त्यांनी मान डोलवली आणि विचारलं, "लाल रंगात येईल ना?"

गुजराती आणि देवनागरी शेजारी मांडणं हे आमच्या गावातल्या डिझायनरचं रोजचं दुखणं आहे. दोघी बहिणी, पण एकीच्या डोक्यावर पदर आणि दुसरीच्या नाही. देवनागरीची शिरोरेषा शब्दाला वरून बांधून टाकते. गुजराती अक्षरं मोकळी, प्रत्येक जण आपापल्या पायावर उभा. तीच उंची दिली तरी देवनागरी जड दिसते. अक्षरांत अंतर टाकून गुजराती ओळ ऐसपैस करता येते, इंग्रजीही येते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांनी तुटते. (हे करणारे आहेत. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानांत जाऊन बघा.) तेव्हा दोन वेगवेगळ्या घराण्यांतले फॉन्ट आणून त्यांचं लग्न लावण्यापेक्षा, दोन्ही लिप्या एकाच हातानं काढलेलं कुटुंब शोधावं.

भाऊंच्या मुलानं मोबाइलवर यात्रा दाखवला. कॅथरीन श्मिटनं मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला हा फॉन्ट. ब्रशचं वळण त्यात अगदी जिवंत आहे, मला तो मनापासून आवडतो. पण एक तर त्यात गुजराती नाही. दुसरं म्हणजे लोकलनं कधी ऑफिसला न गेलेल्या माणसाच्या दुकानावर दादरच्या फलाटाचं अक्षर का? पोरगा हिरमुसला. त्याचं म्हणणं, 'मराठी फील' येतो. मला हे पटत नाही. बडोद्याचं मराठीपण मुंबईहून पार्सल मागवायची गरज नाही. ते इथं अडीचशे-तीनशे वर्षं आहे, आणि त्याला गुजरातीचा शेजार आहे म्हणूनच ते तसं आहे. उलट्या बाजूनं बघा: मुंबई समाचार हे गुजराती वर्तमानपत्र १८२२ मध्ये मुंबईत निघालं आणि अजून निघतंय. भाषा काय सरहद्द बघून संसार मांडत नाहीत.

शेवटी बालू निवडला. 'एक टाइप'चाच. भरीव, गोलसर, जेवून आलेल्या अस्वलासारखा. त्यात प्रत्येक लिपीचा एक भाऊ आहे आणि गुजराती भावाचं नाव बालू भाई. हे ऐकल्यावर शेव उसळवाले भाऊ इतके खूश झाले की लाल रंगाचा विषयच मागे पडला. अक्षरं आउटलाइन करून श आणि ळ च्या पोटातली जागा मी थोडी मोकळी केली, कारण आतून एलईडीचा उजेड येणार होता आणि उजेड शाईसारखाच पसरतो. खोक्यांनी एवढं तरी शिकवलं होतं.

खरी मजा पुढं, अक्षरं कापणाऱ्याच्या कारखान्यात. त्याचा दर ठरलेला: अक्षरामागे, उंचीच्या इंचाला इतके रुपये. गुजराती ओळ त्यानं बोटांवर मोजली, पाच अक्षरं. मराठी ओळीपाशी अडला. शिरोरेषेमुळे 'शेव' हा एकच सलग तुकडा आणि 'उसळ' हा दुसरा. मग ही अक्षरं दोन की पाच? मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, पाच, आणि वरची मात्रा वेगळी. घासाघीस अर्धा तास चालली. मग मिस्त्री मध्ये पडला. शिडीवर चढून स्क्रू मारणारा माणूस तो, त्यानं दोन्ही ओळींचे कागद भिंतीला लावून बघितले. खाली गुजरातीत 'गरमागरम' होतं, आणि गुजराती ग हे मुळात दोन सुट्या तुकड्यांचं अक्षर, वळसा वेगळा आणि दांडा वेगळा. प्रत्येक तुकड्याला वेगळे स्क्रू, वेगळी वायर. "मराठी सारुं, बेन," तो म्हणाला. "उपर दांडो छे, आखो शब्द एकसाथे पकडाय."

शिरोरेषेवर मी पुष्कळ वाचलंय. ती लिहिताना बोरूनं कशी आली, छपाईत तिनं काय गोंधळ घातला, ती काढून टाकावी असं कुणाकुणाला वाटलं. पण ती स्क्रूचा खर्च वाचवते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मध्येच मोडीची एक गोष्ट सांगून घेते, नाहीतर राहून जाईल. गेल्या दोन-तीन वर्षांत लग्नाळू मंडळींत मोडीची लाट आहे. पत्रिकेच्या वरच्या पट्टीवर मोडीत दोन ओळी. आमच्याकडं हे जरा जास्तच, कारण गायकवाडी कारभारातले मराठी कागद मोडीत आणि पुष्कळ घरांत एखादा तरी पिवळा कागद असतोच. आमच्याही घरी आहे, कशाचा आहे कुणाला माहीत नाही. एका जोडप्यानं मागितलं, मी केलं. मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, नोटो सान्स मोडी फुकट मिळतो, काम अवघड नाही. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही, त्यामुळे शुद्धलेखनवाले नातेवाईकही गप्प. सोनेरी शाईत ती पट्टी अप्रतिम दिसली. सगळ्यांनी हात फिरवून पाहिली, फोटो काढले. पत्रिका वाटून झाल्यावर पंधरा दिवसांनी, अशीच चाळता चाळता, मला त्यात एक अक्षर चुकलेलं दिसलं. वराच्या नावातलंच. पाचशे पत्रिका गेल्या होत्या. एकाचाही फोन आला नाही, आला असता तर बरं वाटलं असतं. मावशीच्या ल नं मला चिडवलं होतं. या मोडीतल्या चुकीनं दोन रात्री झोप लागली नाही.

पाटी लागली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी मावशीला रिक्षात घालून दाखवायला नेलं. ती गर्दीत यायला नाखूश असते, पण शेव उसळ म्हटल्यावर आली. संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागत होते. वर गुजराती, खाली मराठी, दोन्ही ओळी लाल. रिक्षातून उतरता उतरताच तिनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, पहिलीच्या वर्गाला वाचून दाखवल्यासारखं. श पाशी थांबली. मी श्वास धरला. मग पुढं उसळ वाचली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "सुट्टे घे बाबा."

आत बसलो. भाऊंनी स्वतः दोन प्लेटी आणून ठेवल्या. मी पाटीच्या खोलीबद्दल, उजेडाबद्दल, बालू आणि बालू भाईबद्दल सांगत होते. ती हूं हूं करत होती, पण तिची नजर टेबलावरच्या मेन्यूकार्डावर होती. ते माझं काम नव्हतं. भाऊंच्या मुलानं घरीच टाइप करून, लॅमिनेट करून प्रत्येक टेबलावर ठेवलं होतं. शेव उसळ, एक्स्ट्रा पाव, ताक, लसूण चटणी. लसणीचा ल दांड्याला टेकलेला.

मावशीनं पर्स उघडली, बॉलपेन काढलं, चष्मा सारखा केला आणि कार्डावर, त्या ल वरूनच, दोन पाकळ्या काढल्या. प्लास्टिकवर शाई धरेना. तिनं पेन झटकलं आणि पुन्हा गिरवायला लागली. भाऊ गल्ल्यावरून बघत होते. मी त्यांना हातानंच खूण केली, आणखी दोन पाव पाठवा.